लाँच सुटते, लाँच होते

करंजाच्या धक्क्यावर लाँच सुटते आणि मुंबईतल्या पंचतारांकित हॉटेलात मोबाइल लाँच होतो. दोन्हीकडे शब्द एकच आहे, अक्षरेही तीच, तरी मराठी माणसाचा घोटाळा होत नाही. धक्क्यावरची लाँच स्त्रीलिंगी आहे. ती येते, लागते, भरते, सुटते, चुकते. हॉटेलातल्या लाँचला लिंगच नाही. ‘मोबाइल लाँच झाला’, ‘गाडी लाँच झाली’, ‘अॅप लाँच झाले’, म्हणजे जी वस्तू असेल तिचे लिंग क्रियापद घेते आणि लाँच हा शब्द मध्ये परक्यासारखा उभा राहतो. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर पहिला शब्द मराठीने दत्तक घेतला आहे आणि दुसऱ्याला अजून पाहुणा म्हणूनच ठेवले आहे.

गेली काही वर्षे उरण-पनवेल परिसरातल्या बोलीत रुळलेले इंग्रजी शब्द टिपून ठेवण्याचा मला नाद आहे. त्या टिपणांत ‘लाँच’ने सर्वांत जास्त पाने खाल्ली. शब्दाचा माग काढत गेलो तसे लक्षात आले की या एका शब्दात मुंबई बंदराचा चारशे वर्षांचा इतिहास येतो. मराठीने समुद्राकडून काय घेतले आणि काय घेतले नाही, तेही त्यात दिसते. आता धरमतरच्या खाडीवर पूल होतो आहे. तो झाला की करंजा-रेवस लाँचचे दिवस भरतील आणि या शब्दाचा दत्तक अर्थ बोलण्यातून निघून जाईल. तो जाण्याआधी त्याची वंशावळ लिहून ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

इंग्रजीतले दोन सावत्र भाऊ

इंग्रजी कोशात ‘लाँच’ हा शब्द दोनदा येतो. एक क्रियापद, एक नाम. सामान्य वाचकाला वाटते की नाम क्रियापदावरून आले असेल: जी पाण्यात लोटली ती लाँच. कोशकार मात्र दोघांची घराणी वेगळी दाखवतात.

क्रियापदाचे घराणे युरोपी आहे. लॅटिनमध्ये ‘लान्सेआ’ म्हणजे भाला. त्यावरून फ्रेंचमध्ये भाला फेकण्याचे क्रियापद झाले आणि नॉर्मन बोलीतून ते इंग्रजीत उतरले. आधी अर्थ होता जोराने फेकणे, भोसकणे. पुढे जहाज पाण्यात सोडणे हा अर्थ जडला. त्यानंतर मोहीम, हल्ला, संस्था, पुस्तक, साबण, सिनेमातला नवा चेहरा असे काहीही लाँच होऊ लागले. भाल्याची फेक मात्र प्रत्येक अर्थात शिल्लक आहे: कोणीतरी जोर लावतो आणि वस्तू पुढे जाते.

नामाचे घराणे आपल्या बाजूचे आहे, निदान आशियाचे आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत होडी या अर्थाने ‘लाँच’ दिसू लागतो. तो स्पॅनिश-पोर्तुगीज ‘लांचा’ या शब्दावरून आला. त्या ‘लांचा’चे मूळ बहुतेक कोशकार मलय भाषेतल्या ‘लांचारान’ या शब्दात शोधतात. मलयमध्ये ‘लांचार’ म्हणजे चपळ, सुरळीत, न अडखळता जाणारे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज बखरकारांनी मलाक्काच्या समुद्रातल्या ‘लांचारा’ नावाच्या लहान, वेगवान नौकांचा उल्लेख पुनःपुन्हा केला आहे. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात या लांचाराची स्वतंत्र नोंद आहे आणि तीही मलय मुळाकडेच बोट दाखवते.

म्हणजे मलय खलाशांची होडी पोर्तुगिजांनी पाहिली, तिचे नाव उचलले, त्यांच्याकडून ते इंग्रजांकडे गेले. अठराव्या शतकात इंग्रजी युद्धनौकेवर बाळगलेल्या मोठ्या होडीला ‘लाँच’ म्हणू लागले होते. १७८९ साली ‘बाउंटी’ जहाजावर बंड झाले तेव्हा बंडखोरांनी कॅप्टन विल्यम ब्लाय आणि त्याच्या अठरा सोबत्यांना जहाजाच्या लाँचमध्ये उतरवून भर प्रशांत महासागरात सोडून दिले. तेवीस फुटांच्या त्या होडीने सुमारे ३,६०० सागरी मैल कापले आणि ती किनाऱ्याला लागली ती तिमोर बेटावर, म्हणजे मलय द्वीपसमूहात. शब्द ज्या पाण्यातून निघाला असे मानतात त्याच पाण्यात तो योगायोगाने परतला.

या कथेला एक शेपूट आहे. आजच्या मलय भाषेत एखादी योजना, पुस्तक किंवा उपग्रह सुरू करण्याला ‘मलांचारकान’ म्हणतात आणि त्या समारंभाला ‘पलांचारान’. मूळ तोच ‘लांचार’. इंग्रजीत जे दोन अर्थ दोन घराण्यांतून येऊन शेजारी बसले, ते मलयमध्ये एकाच मुळातून फुटले आहेत.

करंजा कुणाचे

हा शब्द आपल्या किनाऱ्याला कसा लागला हे पाहायचे तर करंजाचे स्थान ध्यानात घ्यावे लागते. मुंबई बंदराच्या आग्नेयेला उरणचे बेट आहे. जुन्या कागदांत त्यालाच करंजा बेट म्हणत. आज भराव आणि रस्ते यांमुळे ते बेट म्हणून ओळखू येत नाही. उत्तरेला मोरा बंदर, मध्ये उरण, दक्षिणेला द्रोणागिरीचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी करंजा हे कोळ्यांचे गाव. समोर धरमतरच्या खाडीचे मुख आणि पलीकडे अलिबाग तालुक्यातले रेवस. लाँचने हे अंतर चहा पिऊन होईपर्यंत संपते. रस्त्याने जायचे तर पेण-वडखळचा मोठा वळसा पडतो.

असे नाके ज्याच्या हातात त्याच्या हातात बंदराची किल्ली. मुंबई इंग्रजांच्या ताब्यात १६६५ साली आली आणि १६६८ साली ती ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली, तरी ठाणे आणि करंजा पोर्तुगिजांकडेच होते. मुंबईला येणाऱ्या-जाणाऱ्या होड्यांवर पोर्तुगीज अधिकारी तिथे जकात घेत आणि मुंबईचे इंग्रज त्यावर तणतणत. पुढे वसईच्या मोहिमेच्या काळात, १७३७ ते १७३९ या वर्षांत, हा टापू मराठ्यांकडे आला. १७७४ सालच्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, पाठोपाठ करंजाही गेले. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी, घारापुरी, करंजा आणि हॉग बेट इंग्रजांकडेच राहतील असे ठरले. पुण्याच्या दरबाराला एवढ्याशा करंजाचे नाव तहाच्या कलमात सोसावे लागले, यावरूनच त्याचे मोल कळते.

इंग्रजी अमलात करंजा ठाणे जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात होते. १८८३ साली पनवेल उरण-करंजासकट कुलाबा जिल्ह्यात घातले गेले. पनवेल तेव्हा मोठे बंदर होते. मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी होडीने पनवेलला उतरे आणि तिथून १८३० साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रस्त्याला लागे. १८६३ साली आगगाडीने बोरघाट ओलांडला आणि पनवेलच्या बंदराची रया गेली. वाहन बदलले की बंदर मरते आणि बंदराबरोबर त्याचे शब्दही मरतात, याचा हा पहिला धडा याच तालुक्यात मिळाला.

पोर्तुगीज, मराठे, इंग्रज या तिन्ही सत्तांच्या होड्या या खाडीत फिरल्या. तेव्हा होड्यांच्या नावांची सरमिसळ झाली नसती तरच नवल.

नावे उसनी, क्रिया घरची

आपल्या किनाऱ्यावरच्या नौकांची नावे पाहा. शिवकालीन आरमाराच्या वर्णनात येणारी ‘गुराब’ अरबी आहे. अरबीत ‘घुराब’ म्हणजे कावळा. ‘मचवा’ हा पोर्तुगिजांच्या ‘मांचुआ’चा सोयरा आणि त्याचे मूळ मलयाळममधल्या ‘मंजी’त सांगतात. होडीचा ‘सुकाणू’ अरबी ‘सुक्कान’वरून आला. ‘बंदर’, ‘दर्या’, ‘नाखवा’ फारशीतले. ‘खलाशी’ही बाहेरून आलेला. जे आले ते कोळ्यांनी वल्ह्यासारखे उचलले आणि वापरले. इंग्रजांनीही हेच केले. आपल्या ‘गलबता’ला त्यांनी ‘गॅलिव्हॅट’ केले आणि ‘गुराबे’ला ‘ग्रॅब’.

यात ‘नांगर’ सर्वांत मजेचा. शेतातला नांगर संस्कृत ‘लांगल’पासून आला. समुद्रातला नांगर मात्र फारशी ‘लंगर’चे रूप मानतात. उरणच्या आगरी-कोळी घरांत दोन्ही नांगर नांदले: एक भुई फाडणारा, दुसरा होडी धरून ठेवणारा. हाच ‘लंगर’ पंजाबात गेला तो गुरुद्वारातल्या सामुदायिक पंगतीचे नाव होऊन बसला. पंजाबीत लंगर म्हटले की आधी अन्न आठवते, नंतर जहाज. समुद्र नसलेल्या मुलखात समुद्राचा शब्द गेला की तो असा नवे घर करतो.

आता क्रियापदांकडे वळू. होडी लोटणे, हाकणे, वल्हवणे, सुटणे, लागणे, बुडणे, तरणे. यातले एकही क्रियापद अरब, पोर्तुगीज किंवा इंग्रज यांच्याकडून आलेले नाही. मला या सगळ्या नोंदींतून निघालेला निष्कर्ष हाच वाटतो: मराठी किनाऱ्याने वस्तूंची नावे जगभरातून घेतली, पण त्या वस्तूंशी करायचे काम स्वतःच्या क्रियापदांनी केले. ‘लाँच’ही या नियमाला अपवाद नाही. होडी म्हणून ती आली, स्त्रीलिंगी झाली आणि आपल्या ‘सुटते’, ‘लागते’च्या हवाली झाली. होडी, नाव, तर, आगबोट या सगळ्या बायकांच्या पंक्तीत तिला जागा मिळाली.

शेजारच्या ‘बोट’ शब्दाचेही असेच झाले, पण अर्थ उलटा करून. इंग्रजीत बोट लहान आणि शिप मोठे. आपल्या कोकणात मात्र बोट म्हणजे मोठी आगबोट आणि लाँच म्हणजे तिच्याहून लहान. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेले ‘ह्यू लिंडसे’ हे वाफेवरचे जहाज १८२९ साली पाण्यात उतरले आणि १८३० साली सुएझला गेले. अशा जहाजांना मराठीने ‘आगबोट’ हे अर्धे देशी, अर्धे इंग्रजी नाव दिले आणि कोकणी माणसाने त्यातली ‘आग’ गाळून नुसती ‘बोट’ ठेवली. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. रेवस-अलिबागकडच्या घरांत तिचे नाव ‘रामदास बोट’ असेच घेतात. ‘आगबोट’ म्हणायला आणि ‘जहाज’ म्हणायला कोणाच्या तोंडी येत नाही.

‘बोट’ने मराठीला एक वाक्प्रचारही दिला: बोट लागणे. किनाऱ्यावर ‘बोट लागली’ म्हणजे ती धक्क्याला आली. ‘मला बोट लागते’ म्हणजे मळमळते. आणि हाताचे बोट नपुंसकलिंगी असल्यामुळे ‘बोट लागले’ म्हटले की तिसरेच काही. एवढी तीन टोके ‘लागणे’ या एका घरच्या क्रियापदाने सांभाळली.

लाँच आणि लाच

लेखनाची गंमत वेगळीच. संस्कृतात ‘लञ्चा’ म्हणजे लाच. कन्नडमध्ये आजही लाचेला ‘लंच’ म्हणतात. जुन्या मराठीत हा शब्द ‘लांच’ असा अनुस्वारासह लिहीत. ‘लांचलुचपत’ हे जुने रूप जुन्या वर्तमानपत्रांत पदोपदी भेटते. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम लागू झाले. उच्चारात नसलेले अनुस्वार गेले आणि ‘लांच’ची ‘लाच’ झाली. त्याआधीच्या छपाईत खिळ्यांच्या पेटीत ऑकाराचा अर्धचंद्र हाताशी नसेल तर बंदरातली होडी आणि कचेरीतली चिरीमिरी एकाच रूपात छापली जाई आणि संदर्भावरून वाचकाने ओळखायचे. आज अर्धचंद्र आणि टिंब मिळून ‘लाँच’ लिहिले की हिंदीच्या चंद्रबिंदूसारखे दिसते, पण काम वेगळे असते. अर्धचंद्र इंग्रजी स्वर दाखवतो आणि टिंब नासिक्य उच्चार.

दोन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत. ‘लाच लागली’ असे मात्र कोणी म्हणत नाही. ती ‘घेतात’, ‘देतात’, ‘खातात’. पुन्हा तेच: नावे सारखी झाली तरी क्रियापदे घोटाळा होऊ देत नाहीत.

लोटणे, ठेल्हणा, अवतरण

आता दुसऱ्या ‘लाँच’कडे, म्हणजे ‘लाँच करणे’कडे. इंग्रजी क्रियापदाला आपण कोणकोणते पर्याय दिले ते पाहिले तर मराठी किती बारकाईने विचार करते हे कळते. पुस्तकाचे प्रकाशन होते, योजनेचा शुभारंभ होतो, रस्त्याचे लोकार्पण होते, नटाचे पदार्पण होते, रॉकेटचे प्रक्षेपण होते, जहाजाचे जलावतरण होते. यातला ‘प्रक्षेपण’ शब्द विशेष चपखल आहे, कारण ‘क्षिप्’ म्हणजे फेकणे आणि लॅटिन भाल्याचा अर्थ त्यात पुरता उतरला आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंबा या मच्छीमारांच्या गावातून भारताचे पहिले रॉकेट उडाले. जिथून तोवर फक्त होड्या लोटल्या जात होत्या तिथून प्रक्षेपण झाले.

पंजाबीचे उदाहरण इथे मुद्दाम घेतो. पनवेल तालुक्यातल्या कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलपासून न्हावा-शेव्याच्या बंदरापर्यंत पंजाबी कानावर पडत असते, म्हणून ती या भागाला अगदीच परकी नाही. पंजाब नद्यांचा मुलूख. तिथे होडीला ‘बेडी’ म्हणतात. मराठी कानाला हे दचकवते, कारण आपल्याकडे बेडी पायात पडते. होडी पाण्यात ढकलण्याला पंजाबीत ‘ठेल्हणा’ आणि स्वतः पाण्यात शिरून पोहू लागण्याला ‘ठिल्हणा’ म्हणतात. ‘लाँच’ या इंग्रजी क्रियापदाला पंजाबीत याहून नेमका देशी शब्द मिळणार नाही. त्याला नदीची ओल आहे. हिंदीतला ‘ठेलना’ आणि आपली ‘ठेलाठेली’ त्याच कुळातली. जुन्या मराठीत मात्र ‘ठेला’ म्हणजे थांबला, जागच्या जागी राहिला. आपण आजही ‘चकित होऊन ठेलो’ म्हणतो. एकासारखाच आवाज पंजाबात होडीला पुढे नेतो आणि मराठीत माणसाला जागीच उभे करतो.

मग मराठीत ‘ठेल्हणा’ची जागा कोणाची? माझे उत्तर ‘लोटणे’. ज्येष्ठात होड्या वर ओढून झापांनी शाकारतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की त्या पुन्हा पाण्यात लोटतात. कोळीवाड्यातल्या पुरुषांचे खांदे एका बाजूला, होडीचे वजन दुसऱ्या बाजूला आणि तोंडाने एका तालात आवाज. ‘लोटणे’त ही सगळी माणसे दिसतात. शिवाय हा शब्द मराठीच्या हाडीमाशी भिनलेला आहे. दार लोटतात, गर्दी लोटते, पूर लोटतो, काळ लोटतो, पावलांवर लोटांगण घालतात.

‘जलावतरण’ या शब्दात माणसे नाहीत. अवतरण म्हणजे खाली उतरणे. त्यात जहाज स्वतःच राणीसारखे पायऱ्या उतरून पाण्यात येते. शब्द सुंदर आहे आणि समारंभाला शोभतो. पण त्यातून ढकलणारा नाहीसा झाला. भाला फेकणारा योद्धा, लोटणारा कोळी आणि अवतरणारे जहाज: तीन शब्दांत तीन समाज बोलतात. पहिल्यात फेकणारा मोठा, दुसऱ्यात ढकलणारे अनेक, तिसऱ्यात फक्त जहाज.

यातला योगायोग असा की ‘जलावतरण’ हा शब्द करंजाच्या नावाला चिकटून वर्तमानपत्रांत छापला गेला आहे. भारतीय नौदलाची ‘करंज’ ही पाणबुडी याच बेटाच्या नावाची. पहिली ‘करंज’ १९६९ साली नौदलात आली आणि २००३ साली निवृत्त झाली. दुसरी, स्कॉर्पीन वर्गातली, माझगाव गोदीत बांधली गेली. ३१ जानेवारी २०१८ रोजी तिचे जलावतरण झाले आणि १० मार्च २०२१ रोजी ती नौदलात दाखल झाली. मराठी पत्रांनी कुठे ‘जलावतरण’ छापले, कुठे ‘लाँच’. ‘लोटली’ कोणी छापले नाही आणि ते बरोबरही होते. एवढी पाणबुडी खांद्याने लोटत नाहीत. ती पाँटूनवर ठेवतात, पाँटून पाण्यात नेतात आणि मग तिला तरंगू देतात. यंत्राने काम बदलले की जुने क्रियापद रिकामे होते, हे मान्य करावे लागते.

शुद्धी आणि आळस

इथे कोणी म्हणेल, मग भांडण कशाचे? सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली, शासनाने परिभाषा कोश काढले. त्या प्रयत्नांतले कित्येक शब्द आज आपण सहज वापरतो. त्याच वृत्तीने ‘लाँच’ला हद्दपार करून धक्क्यावर ‘यांत्रिक नौका’ अशी पाटी लावावी का? मला ते पटत नाही. धक्क्यावरची लाँच मराठी झाली आहे. तिला लिंग आहे, अनेकवचनात ती ‘लाँची’ होते, तिच्याभोवती आपली क्रियापदे आहेत. तिला काढणे म्हणजे मचव्याला आणि सुकाणूलाही काढणे. ‘गुराब’ अरबी म्हणून आरमारातून कोणी हाकलली नव्हती.

‘लाँच करणे’ची गोष्ट निराळी. तिथे नवी वस्तू आलेली नाही. आपल्याकडे सहा नेमके शब्द असताना त्यांच्या जागी एक बोथट शब्द आला आहे. पुस्तकही लाँच, साबणही लाँच, मुख्यमंत्र्यांची योजनाही लाँच. फरक पुसले जातात. पुस्तक ‘प्रकाशित’ होते तेव्हा ते उजेडात येते. योजनेचे ‘लोकार्पण’ होते तेव्हा ती लोकांची होते, निदान कागदावर. ‘लाँच झाली’ म्हटले की कोणाची आणि कोणासाठी हे विचारण्याची गरजच उरत नाही. शब्दांची गरिबी अशी विचारात उतरते. परक्या नावाला मी घाबरत नाही. मात्र घरच्या क्रियापदाची जागा परक्याने घेतली तर चारशे वर्षे पाळलेला नियम मोडतो, आणि तोही किनाऱ्याने पाळलेला, विद्वानांनी सांगितलेला नव्हे.

धर्म आणि तर

समोरच्या खाडीचे नावच या गोष्टीचा सर्वांत जुना शब्द सांभाळून आहे. ‘तर’ म्हणजे माणसे पैलतीरी नेणारी होडी आणि तिची जागा. गोव्यात आजही ‘तार’ आणि ‘तारी’ आहेत. ‘धरमतर’ हे नाव फोडले तर धर्म आणि तर असे दोन तुकडे पडतात. धर्मशाळेत मुक्कामाचे पैसे नसत, तशीच उताराचे पैसे न घेणारी ही तर असावी, असे मी या नावाचे वाचन करतो. इंग्रजांनी १८६८ साली मुंबई इलाख्यातल्या तरींसाठी कायदा केला तेव्हा त्यात इंग्रजी ‘फेरी’ शब्द आला. आपल्याकडे ‘फेरी’ आधीपासूनच होती, फेर धरणारी, गावातून फिरणारी. दोन्ही शब्दांचा काही संबंध नाही, पण लाँचच्या दिवसभराच्या ‘फेऱ्या’ मोजताना कोणती फेरी देशी आणि कोणती विलायती हे कोण सांगणार?

आता या खाडीवर रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचा पूल उभा राहतो आहे. बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८०-८२ च्या काळात, त्याची कल्पना पुढे आली होती. वरच्या अंगाला बदल आधीच झाले आहेत. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उरणपर्यंत लोकल पोहोचली. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाणाऱ्या लाँचचा प्रवासी गाडीकडे वळू लागला. त्याला कोणी नावे ठेवू नयेत. पावसाळ्यात खवळलेल्या पाण्यात पोटुशी बाई घेऊन रुग्णालय गाठणाऱ्या घराला पुलाचे मोल कळते. ‘रामदास’ ज्यांच्या घरावर आली त्यांना तर ते कोणी शिकवायला नको.

पूल बांधताना खांबांवर मोठे लोखंडी गर्डर चढवतात. त्या कामाला अभियंते ‘लाँचिंग’ म्हणतात आणि त्या अवजड यंत्राला ‘लाँचिंग गर्डर’. मराठी बातम्यांतही ‘गर्डर लाँच झाला’ असेच छापून येते. म्हणजे सावत्र भावांतला एक दुसऱ्याला बाजूला करणार. भाल्याच्या घराण्यातली लाँच पाण्यावरून पलीकडे जाईल आणि मलय घराण्यातली लाँच धक्क्याला बांधली जाईल.

कोश करणाऱ्यांनी तोवर एक काम करावे. ‘लाँच’ या नोंदीखाली दोन अर्थ एकाखाली एक न देता दोन स्वतंत्र नोंदी द्याव्यात. पहिलीत लिंग लिहावे, अनेकवचन लिहावे आणि पुढे क्रियापदे: सुटणे, लागणे, भरणे, चुकणे. उदाहरण म्हणून करंजा-रेवस लिहावे. दुसरीत लिंगाची जागा रिकामी सोडावी आणि पुढे सहा मराठी शब्द द्यावेत, म्हणजे लिहिणाऱ्याला निवडता येतील. उद्या कोणी नातू आजीला विचारेल, ‘लाँच चुकली म्हणजे काय गं?’ तेव्हा त्या नोंदीत त्याला उत्तर सापडेल: जी वेळेवर सुटते आणि आपण धक्क्यावर राहतो, ती.